मुद्रा, शिरनामा आणि मर्यादा

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्वाल्हेरातील मराठी ग्रंथालयाच्या शताब्दीचे व्याख्यान म्हटले म्हणजे श्रोत्यांची अपेक्षा बहुधा ठरलेली असते. राजकवी भास्करराव तांबे यांच्या कवितेचे स्मरण व्हावे, १९६१ साली याच नगरीत कुसुमावती देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या साहित्य संमेलनाची आठवण निघावी, निदान ग्वाल्हेरच्या गायकीवर तरी दोन शब्द बोलले जावेत. हे सारे विषय उचितच आहेत. तथापि शंभर वर्षे पुरी करणाऱ्या संस्थेने जसे मागे वळून पाहावे, तसे क्षणभर समोरही पाहावे. समोर पाहिले असता वाचनकक्षाच्या बाहेर, पायरीवर बसून मोबाइलवर भराभर बोटे चालविणारा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा दृष्टीस पडतो. तो आत येत नाही, ही ग्रंथालयांची सार्वत्रिक तक्रार आहे. परंतु तो लिहीत नाही किंवा वाचीत नाही, असे मात्र म्हणता यावयाचे नाही. तो दिवसभर लिहितो आणि दिवसभर वाचतो. त्याच्या आजोबांनी महिन्याकाठी लिहिली नसतील इतकी पत्रे तो एका संध्याकाळी लिहून मोकळा होतो.

लिहिणे आणि वाचणे हाच ज्या संस्थेचा व्यवहार, तिने या नव्या लिहिण्या-वाचण्याकडे पाठ फिरवून चालणार नाही. म्हणूनच तरुण मुलामुलींनी इंटरनेटवर आणि समाजमाध्यमांवर परस्परांशी निर्धोकपणे कसे बोलावे आणि घरातील वडीलधाऱ्यांनी त्यांना त्या कामी कसे साहाय्य करावे, हा आजचा विषय आहे. विषय नवा दिसला, तरी त्याची मुळे जुन्या मराठी पत्रव्यवहारात सापडतात आणि त्यांतील एक मूळ तर ग्वाल्हेरच्या मुलखातच आहे.

इ. स. १७६१ च्या जानेवारीत नानासाहेब पेशवे उत्तरेच्या वाटेवर भेलशाच्या परिसरात येऊन पोहोचले होते. भेलसे म्हणजे आजचे विदिशा. पुढे दीर्घकाळ ते ग्वाल्हेर संस्थानात होते. १४ जानेवारीस पानिपत घडून गेले होते, परंतु त्याची निश्चित वार्ता पेशव्यांपर्यंत आलेली नव्हती. अशा वेळी एका सावकाराचे पत्र घेऊन दक्षिणेकडे निघालेला जासूद त्यांच्या माणसांच्या हाती लागला. पत्रात लढाईचा स्पष्ट उल्लेख नव्हता. मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या नुकसानीचा जणू हिशेब तेवढा लिहिलेला होता. जाणणाऱ्यांनी मात्र जाणले, की गळालेले मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे मातब्बर सरदार, आणि खुर्दा म्हणजे ज्यांची गणतीच लागत नाही असे सामान्य लोक.

ही हकीकत सांगितली जाते ती बहुधा पानिपताच्या शोकासाठी. तिच्यातील दुसरी एक गोष्ट सहसा ध्यानी घेतली जात नाही. त्या अनाम सावकाराला पुरते ठाऊक होते, की पत्र वाटेत कोणाच्याही हाती पडू शकते. हे गृहीत धरूनच त्याने लेखणी उचलली. झालेही तसेच; पत्र ज्याच्यासाठी होते त्याच्याऐवजी प्रत्यक्ष पेशव्यांच्या हाती पडले. सुरक्षित पत्रव्यवहाराचा पहिला पाठ तो हाच, आणि आजच्या मुलांना तो कोणी शिकवीत नाही.

जुन्या पत्राला तीन राखणदार होते असे म्हणता येईल. पत्र कोणाचे, हे मुद्रा सांगत असे. कोणासाठी, हे शिरनामा सांगत असे. आणि पत्र कोठे संपले, हे शेवटची मोर्तब सांगत असे. शिवकालीन पत्रांच्या शेवटी उमटविल्या जाणाऱ्या मोर्तबीवरील ‘मर्यादेयं विराजते’ ही अक्षरे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहेत. येथे मर्यादा झाली, याच्या खाली कोणी काही वाढवू नये, असा तिचा आशय. आजच्या संदेशाला यांपैकी एकही राखणदार आपोआप मिळत नाही. तो ज्याच्या नावाने येतो त्याचाच असेल असे नाही, ज्याला धाडला त्याच्यापाशीच राहील असे नाही, आणि तो कधी संपेल, हे तर कोणीच सांगू शकत नाही. म्हणून हे तिन्ही राखणदार आता ज्याचे त्याने उभे करावयाचे आहेत.

प्रथम मुद्रेचा विचार करू. मराठेशाहीत अधिकार मिळणे म्हणजे शिक्केकट्यार मिळणे. शिक्का ज्याच्या हाती, त्याच्या पत्राला राज्याच्या आज्ञेचा मान. त्यामुळे तो प्राणापलीकडे जपला जाई. आजच्या शाळकरी मुलीच्या हातीही असा शिक्का आहे. तो म्हणजे तिचा पासवर्ड आणि मोबाइलवर येणारा सहा अंकी ओटीपी. एके दिवशी वर्गमैत्रिणीच्या नावाने तिला संदेश येतो, ‘अगं, चुकून माझा कोड तुझ्या नंबरवर गेला आहे, जरा पाठव ना.’ मैत्रीत एवढे कोण नाकारील? कोड पाठविला जातो आणि पाहता पाहता तिचे व्हॉट्सॲप खाते परक्याच्या ताब्यात जाते. मैत्रिणीचे खाते अगोदरच चोरीस गेलेले असते. आता हिच्या नावाने पुढच्या दहा जणींना तोच संदेश जातो. शिक्का एकदा परक्या हाती पडला, की खोट्या आज्ञा कितीही काढता येतात, तशातलीच ही गत.

यावरचे उपाय सोपे आहेत. ओटीपी जगात कोणालाही सांगावयाचा नसतो; मैत्रिणीला नाही, बँकेला नाही, पोलीस म्हणविणाऱ्यालाही नाही. व्हॉट्सॲपमध्ये दुहेरी पडताळणीचा सहा अंकी पिन ठेवण्याची सोय आहे. तो ठेवला असता केवळ ओटीपी मिळाल्याने खाते जात नाही. मुलामुलींत एकमेकांना पासवर्ड देणे हे जिवलग मैत्रीचे लक्षण मानण्याची एक रीत पडली आहे. मैत्री आज आहे, उद्या रुसवा येतो, आणि रुसव्यात शिक्का दुसऱ्याच्या हाती राहिलेला असतो. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी अन्वये, आणि दुसऱ्याच्या नावाचे सोंग घेऊन फसविणे हा कलम ६६-डी अन्वये गुन्हा आहे. दोहोंस तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. थट्टेखातर मित्राच्या नावाने खोटे खाते उघडणाऱ्या मुलांनाही हे कोणी तरी वेळेवर सांगावयास हवे.

मुद्रेची परीक्षा आता अधिकच कठीण झाली आहे. पंधरा वर्षांची मुलगी म्हणून गोड बोलणारी व्यक्ती चाळीस वर्षांचा पुरुष असू शकते, हे तर पूर्वीपासून होते. आता यंत्राच्या साहाय्याने परिचित माणसाचा आवाज आणि चेहरादेखील हुबेहूब बनविता येतो. तेव्हा नुसता आवाज ऐकून किंवा छायाचित्र पाहून ओळख पटली असे मानणे धोक्याचे आहे. मावशीच्या आवाजात पैशाची तातडीची मागणी आली, तर फोन ठेवून मावशीच्या नेहमीच्या क्रमांकावर स्वतः फोन करावा. घरापुरता एखादा सांकेतिक शब्द ठरवून ठेवावा. भेलशाच्या पत्रातील सावकारापाशी जशी हिशेबाची भाषा होती, तसा प्रत्येक घरापाशी एक शब्द असावा, इतकेच.

आता शिरनामा. ‘राजमान्य राजश्री’ अशा मायन्याने ज्या पिढीने पत्रे लिहिली, तिला कोणाला काय लिहावे याचे शिक्षण मायन्यातूनच मिळत असे. तीर्थरूपांना लिहिताना एक भाषा, मित्राला लिहिताना दुसरी. महाराजबाड्यावरील टपालघराच्या देखण्या इमारतीत पडलेले पत्र लखोट्यावरील नावाच्या माणसाकडेच जाईल, हा भरवसा होता. मोबाइलवरील संदेशाचे तसे नाही. एका घराच्या कुटुंब-ग्रुपमध्ये लष्करातील काका असतात, इंदूरची आत्या असते, पुण्यात नोकरीस गेलेली भावंडे असतात, आणि कोणाच्या तरी नव्या जावयाचाही समावेश झालेला असतो. मुलगा लिहितो एका भावंडासाठी आणि वाचतात पन्नास जण.

येथे एका गैरसमजाचा खुलासा आवश्यक आहे. व्हॉट्सॲपचे संदेश २०१६ पासून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुलूपबंद होऊन जातात, आणि मधल्या वाटेवर ते कोणास वाचता येत नाहीत, हे खरे आहे. यावरून मुले असा निष्कर्ष काढतात, की लिहिलेले सुरक्षित आहे. वस्तुतः या कुलपाने वाटेवरच्या जासुदाची भीती तेवढी गेली. ज्याला पत्र पोहोचले तो ते चौकात उभा राहून वाचून दाखवू शकतो, आणि स्क्रीनशॉट म्हणजे दुसरे काय आहे? एकदा पाहताच नाहीसे होणारे छायाचित्र पाठविण्याचीही सोय आहे. पण पाहणाऱ्याच्या हाती दुसरा फोन असला, की त्या छायाचित्राचेही छायाचित्र निघते. म्हणून जे चौकात वाचले गेले असता सोसवणार नाही, ते खाजगी म्हणूनदेखील धाडू नये, ही शिरनाम्याची पहिली शिकवण.

खुल्या भिंतीवर लिहिलेल्या मजकुराला तर शिरनामाच नसतो, आणि ज्याला शिरनामा नाही ते पत्र सर्वांचे होते. पालघरची घटना या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर १८ नोव्हेंबर २०१२ रोजी पाळल्या गेलेल्या बंदविषयी पालघर येथील एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्या आपणास आवडल्याची खूण केली. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. दोघींना जामीन मिळाला आणि कालांतराने खटलाही मागे पडला. या प्रकरणाने व्यथित होऊन श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली, आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ए घटनाबाह्य ठरवून रद्द केले. तरुणांचा बोलण्याचा अधिकार न्यायालयाने अशा रीतीने राखला. त्या दोघींनी गुन्हा केला नव्हता, हे निर्विवाद. तरीही निर्णय येईपर्यंत सव्वादोन वर्षे लोटली आणि दवाखान्याच्या काचा तर त्याच दिवशी फुटल्या. अधिकार असणे आणि त्याच क्षणी संरक्षण मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलांना गप्प बसावयास शिकवू नये. परंतु आपले बोलणे कोणकोणाच्या कानी पडेल, याचा अंदाज घेऊन बोलावयास अवश्य शिकवावे.

शिरनामा केवळ शब्दांनाच असतो असे नाही. शाळेच्या गणवेशातील छायाचित्र, शिकवणीची वेळ, सायकल लावण्याची जागा, सुटीत घर बंद असल्याची आनंदवार्ता, यांतूनही अनोळख्याला पत्ता कळतो. खाते खाजगी ठेवावे आणि ओळखीच्यांनाच त्यात प्रवेश द्यावा. अल्पवयीनांची खाती आरंभापासूनच खाजगी ठेवण्याची आणि अनोळख्यांचे संदेश अडविण्याची व्यवस्था इन्स्टाग्रामने २०२५ पासून भारतातही आणली. मात्र खाते उघडताना मुलाने आपले वय खरे सांगितले, तरच तिचा खरा उपयोग.

तिसरा राखणदार म्हणजे मर्यादा, आणि ती सुटल्याचे मोल मराठी मुलखाने रक्ताने मोजले आहे. १ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे भागातून भिक्षेसाठी आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे उतरले. मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत असल्याचे संदेश त्या दिवसांत मोबाइलवरून सर्वत्र हिंडत होते. कोणाला तरी संशय आला, जमाव जमला आणि त्या पाचही जणांना ठेचून मारण्यात आले. दारोदार फिरून भिक्षा मागण्याची ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, त्यांना एका निनावी संदेशाने चोर ठरविले.

त्या संदेशांना मुद्रा नव्हती. ते प्रथम कोणी लिहिले, हे पुढे धाडणाऱ्यांपैकी कोणास ठाऊक असणार? त्यांना शिरनामा नव्हता. जो हाती धरील त्याच्यासाठी ते होते. आणि मर्यादा तर मुळीच नव्हती. धाडणाऱ्यांत दुष्ट माणसे थोडी असतील. बहुतेकांनी ‘आपल्या मुलाबाळांना सावध करावे’ एवढ्याच सद्‌हेतूने बोट दाबले असेल. हीच त्यातील भयंकर गोष्ट होय. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे धाडलेल्या संदेशावर तशी खूण लावण्यास आरंभ केला आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश धाडता येईल अशी मर्यादा घातली. पुढे २०१९ मध्ये ती साऱ्या जगाला लागू झाली. २०२० मध्ये, पुष्कळदा फिरून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येईल, असे ठरले. यंत्राने मोर्तब केली ती अशी. मनाची मोर्तब ज्याची त्याने करावयाची. एखादा संदेश वाचून राग आला, भय वाटले किंवा विलक्षण आनंद झाला, की तेथेच बोट थांबावे. हे कोणी सांगितले, केव्हाचे आहे, छायाचित्र याच गावचे आहे काय, एवढे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर मिळाले नाही, तर त्या संदेशाचा शेवट आपल्या फोनमध्येच करावा.

ग्रंथालयातील वाचकांना ‘माझा प्रवास’ हे पुस्तक परिचित आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेस निघाले आणि १८५७ च्या वणव्यात सापडले. परतल्यानंतर कित्येक वर्षांनी, १८८३ च्या सुमारास, त्यांनी तो वृत्तान्त लिहिला. आणि तो छापून निघाला १९०७ साली, चिंतामणराव वैद्यांच्या हातून. काळ इंग्रजी अमलाचा होता, पाहिलेले सांगणे जोखमीचे होते, आणि लेखकाच्या हयातीत पुस्तक प्रसिद्ध झाले नाही. आजच्या मुलाने वीस-पंचवीस वर्षे थांबावे असे कोणी म्हणणार नाही. रात्री संतापाने लिहिलेले सकाळपर्यंत न धाडता ठेवावे, एवढे मात्र म्हणता येईल. लिहिणे आणि प्रसिद्ध करणे यांच्यामध्ये पूर्वी जे अंतर असे, ते यंत्राने पुसून टाकले. ते पुन्हा निर्माण करणे, हेही सुरक्षित राहण्याचे एक साधन आहे.

श्रोतेहो, येथपर्यंतचे विवेचन सावधगिरीचे झाले. परंतु सावध मूलही चुकते, आणि चुकल्यानंतर काय, हाच या विषयाचा गाभा आहे.

नेहमी घडणारा प्रकार असा. अनोळखी खात्याशी ओळख होते, गोड बोलणे होते, एखादे खाजगी छायाचित्र मागितले जाते किंवा अचानक व्हिडिओ कॉल येतो. छायाचित्र हाती लागताच भाषा पालटते. पैसे दे, नाही तर आणखी छायाचित्रे पाठव, अन्यथा हे तुझ्या आईवडिलांना आणि वर्गातील सर्वांना धाडतो, अशी धमकी येते. तिच्याबरोबर एक वाक्य हमखास असते, ‘कोणाला सांगू नकोस.’ साऱ्या सापळ्याची कळ या वाक्यात आहे. धमकी देणारा दूर कोठे तरी बसलेला असतो आणि त्याचे सारे बळ मुलाच्या मौनावर अवलंबून असते. मौन जितके लांबेल तितका त्याचा फास आवळतो, आणि अशा फासात एकट्या पडलेल्या मुलांनी जीव गमावल्याच्या बातम्या देशोदेशी आलेल्या आहेत.

हे केवळ कोवळ्या वयामुळे घडते, असे मोठ्यांनी समजू नये. ‘डिजिटल अरेस्ट’ या नावाचा कोणताही प्रकार भारतीय कायद्यात नाही. तरीही २०२५ साली याच ग्वाल्हेर शहरात जबाबदारीच्या पदावरील सुशिक्षित प्रौढ माणसे या नावाच्या धाकाने कित्येक दिवस फोनला बांधली गेली आणि मोठमोठ्या रकमा गमावून बसली. त्यांनाही, घरात किंवा कोणालाही सांगू नका, असेच बजावलेले होते. आयुष्याचा अनुभव गाठीशी असलेली माणसे जेथे मौनात अडकतात, तेथे चौदा वर्षांच्या मुलाला ‘तू अगोदर का नाही सांगितलेस?’ असा जाब विचारणे कितपत न्याय्य होईल?

मूल सांगत नाही, याचे पहिले कारण घराचे भय हे आहे. मोबाइल काढून घेतील, शाळा सुटेल, बाबा मारतील, आई रडेल, नातलगांत नाव निघेल. मुलींच्या बाबतीत हे भय दुप्पट असते. अनेकदा परक्याच्या धमकीपेक्षा घरच्यांच्या प्रतिक्रियेचे भय मोठे ठरते, आणि धमकी देणाऱ्याला ते ठाऊक असते.

दुसरे कारण ग्वाल्हेरसारख्या नगरीतील मराठी घरांपुरते विशेष आहे. येथील मराठी मूल मित्रांशी हिंदीत बोलते, मोबाइलवर तीच हिंदी रोमन अक्षरांत लिहिते, फोनमधील खुणा आणि सूचना इंग्रजीत वाचते, आणि आजीशी मराठीत बोलते. तीन भाषांचे हे वैभव कौतुकाचेच. तथापि मोबाइलवर जे अघटित घडले, त्यासाठीचे शब्द त्याच्यापाशी आजीच्या भाषेत नसतात, आणि आजी-आजोबांपाशी मुलाच्या भाषेत नसतात. लाज वाटणारी गोष्ट सांगावयास घरची भाषा लागते. घरच्या भाषेत जर त्या विषयाचा कधी उच्चारच झाला नसेल, तर मूल बोलणार कसे? म्हणून संकट येण्यापूर्वी, जेवताखाताना, सहज, मराठीत हे विषय बोलले गेले पाहिजेत. ‘तुझ्याकडून काहीही चूक झाली तरी प्रथम आम्हाला सांग. त्या दिवशी कोणी रागावणार नाही,’ हे एक वाक्य मुलाने घरात निदान एकदा तरी ऐकलेले असावे, आणि वेळ आल्यावर ते पाळले गेलेले त्याने पाहावे.

मुलाने सांगितल्यानंतर काय करावयाचे, तेही घरोघरी माहीत हवे. पैसे देऊ नयेत. दिले असता मागणी थांबत नाही, वाढते. संतापाने किंवा शरमेने संदेश पुसून टाकू नयेत. तोच पुरावा असतो. खात्याचे नाव, क्रमांक आणि संदेश यांचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत, मग ते खाते बंद करावे. पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब फोन करावा. पहिल्या काही तासांत कळविले, तर रक्कम बँकेतच रोखून धरण्याची शक्यता असते. बालकांच्या साहाय्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि बालके यांच्याविषयीच्या अश्लील मजकुराची तक्रार नाव न सांगताही करता येते.

खाजगी छायाचित्र पसरण्याचे भय असल्यास आणखी एक उपाय आहे. अमेरिकेतील बालसंरक्षण संस्थेने २०२३ पासून ‘टेक इट डाउन’ नावाची विनामूल्य सेवा सुरू केली. अठरा वर्षांखालील वयातील छायाचित्रांसाठी ती आहे. छायाचित्र कोठेही पाठवावे लागत नाही. फोनमध्येच त्या छायाचित्राचा बोटाच्या ठशासारखा एक सांकेतिक आकडा तयार होतो आणि तो आकडा तेवढा सहभागी कंपन्यांकडे जातो. त्या आकड्याशी जुळणारे चित्र त्यांच्या माध्यमावर आढळले, तर ते काढले जाते. प्रौढांसाठी अशीच सेवा २०२१ पासून आहे.

‘पोलिसांत गेलो तर नाव बाहेर फुटेल,’ ही शंका प्रत्येक घरात निघते. तिचे उत्तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यात आहे. बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास त्याने मनाई केली आहे. जबाब बालकाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावयाचा असतो. मुलीचा इंटरनेटवर वारंवार पाठलाग करणे हाही गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ मध्ये येतो. कायदा घराच्या बाजूने उभा आहे, हे घराला ठाऊक मात्र हवे.

इतके सारे ऐकून एखादे पालक म्हणतील, की त्यापेक्षा मोबाइलच काढून घेतलेला बरा. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांची समाजमाध्यमांवरील खाती कायद्यानेच बंद केली. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती आवश्यक मानली असून, तो टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याचे नियम २०२५ मध्ये निघाले. लहान वयात खाते नसणे हिताचे, यात दुमत होऊ नये. परंतु मुलाला कधी ना कधी त्या चौकात उतरावयाचेच आहे. उद्या ते शिक्षणासाठी पुण्याला किंवा बंगळुरूला जाईल, आणि त्या दिवशी फोनवर पहारा ठेवावयास आई बरोबर नसेल. शिवाय सांगितल्याची शिक्षा म्हणून फोन काढून घेतला, तर मूल धडा एकच शिकते, की पुन्हा सांगावयाचे नाही. धमकी देणाऱ्यास हवे असते ते नेमके हेच. वेळेचा निर्बंध असावा, रात्री सर्वांचेच फोन, आईवडिलांचेसुद्धा, एका ठिकाणी ठेवले जावेत. पण विश्वासाने बोललेल्या मुलाला दंड होऊ नये.

ग्रंथालयाने या कामी काय करावे? फार मोठे काही नको. महिन्यातून एक संध्याकाळ वाचनकक्षातील एक टेबल यासाठी राखून ठेवावे. तेथे नातवंडांनी आजी-आजोबांना दुहेरी पडताळणीचा पिन कसा घालावयाचा ते दाखवावे, आणि आजी-आजोबांनी नातवंडांना जुन्या पत्रांतील मायने वाचून दाखवावेत. सूचनाफलकावर १९३० आणि १०९८ हे दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत कायमचे लावून ठेवावेत. जे मूल घरी बोलू शकत नाही, त्याने ग्रंथपालांपाशी किंवा एखाद्या शिक्षकापाशी बोलावे आणि त्यांनी ते हेटाळणी न करता ऐकून योग्य ठिकाणी पोहोचवावे, असा परिपाठ पडावा. शंभर वर्षे या शहरातील मराठी माणसांना वाचावयास ज्यांनी शिकविले, त्यांना हे अवघड नाही.

जुन्या पत्रांचा शेवट ‘बहुत काय लिहिणे’ या शब्दांनी होत असे. सांगावयाचे ते सांगून झाले, उरलेले आपण सुज्ञपणे जाणावे, असा त्यातील विश्वास. आजच्या मुलाच्या बाबतीत मात्र थोडे उलट व्हावयास हवे. त्याने थोडेसे सांगितले, तर उरलेले मोठ्यांनी जाणावे; पुढचे ऐकण्यास पुरेसा वेळ काढावा आणि ऐकून होईपर्यंत रागावू नये. पायरीवर बसलेला तो मुलगा एके दिवशी फोन खिशात घालून आत येईल आणि कोणाला तरी म्हणेल, ‘जरा बोलायचे आहे.’ त्या वेळी त्याच्यासाठी एक खुर्ची रिकामी असावी.